खांबाखालचा दगड

मृगाच्या आधी माळवदावर चढून पांढरी मातीचा थर पाहायचा आणि खाली उतरल्यावर ओसरीचे सोळाही खांब एकेक करून हाताने चाचपायचे, हा भाईजींचा साठ वर्षांचा नेम. वय एकोणऐंशी झाले, तेव्हा माळवदावर चढण्याचे काम धाकट्या पुतण्याकडे गेले. खांब मात्र त्यांनी कुणाला दिले नाहीत. २०२५ सालच्या चैत्राच्या अखेरीस ते असेच चौकाभोवती फिरत होते. ईशान्येच्या कोपऱ्यालगतच्या खांबाला त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर अंगठा लावला आणि अंगठा लाकडात गेला. वरचा काळा, तेलकट, गुळगुळीत पापुद्रा शाबूत होता. आत लाकूड नव्हते, भुसभुशीत माती होती.

भाईजींनी अंगठा धोतराला पुसला आणि कुणाला काही न सांगता ते पेढीवर जाऊन बसले.

जामखेड तालुक्यातील एका बाजारगावातला हा वाडा. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण जिल्ह्याच्या या पूर्वपट्ट्यात, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव या बाजूंना, असे वाडे गावोगाव होते आणि काही अजून आहेत. मारवाडातून आलेल्या ओसवाल कुटुंबाने आधी भाड्याच्या ओट्यावर दुकान मांडायचे, दुसऱ्या पिढीने जागा घ्यायची आणि तिसरीने वाडा बांधायचा, असा साधारण क्रम. भाईजींच्या आजोबांनी बांधलेला हा वाडा बावीस खणांचा. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि जुन्या काळी घर फुटावर नव्हे, खणांवर मोजले जाई. वाटणीही खणांवर होई. म्हणूनच अनेक कुटुंबांत वाड्याचे वर्णन आणि वाड्यावरचे भांडण एकाच भाषेत चालते.

बाहेरून पाहणाऱ्याला या घराचे काहीच कौतुक वाटू नये, अशीच त्याची रचना आहे. रस्त्याला पाठ केल्यासारखी एक सलग भिंत, खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, वर मातीच्या भेंड्यांचे दोन हात रुंद बांधकाम आणि एकच दरवाजा. दरवाजा मोठा, पण तो पूर्ण उघडायचा तो लग्नाला, मालाच्या गाडीला आणि अखेरच्या यात्रेला. एरवी त्यातली दिंडी. दिंडीतून येणाऱ्याला वाकावेच लागते. मग ढेळज. ढेळजेत वाट एकदा वळते, त्यामुळे रस्त्यावरून चौक दिसत नाही. ज्या मुलखात १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजाम आणि मराठे यांची फौज समोरासमोर आली, तिथे पुढच्या पिढ्यांनीही घराचे तोंड लहान आणि पाठ मजबूत ठेवली, यात नवल नाही.

ढेळजेच्या उजव्या हाताला पेढी. तिचा जोता चौकापेक्षा वीतभर उंच, पण ओसरीपेक्षा खाली. गिऱ्हाईक पेढीपर्यंत, आडत्या ओसरीपर्यंत, सोयरा सोप्यापर्यंत आणि माजघरात फक्त घरचा माणूस. कुणाला कुठे थांबायचे हे तोंडाने सांगावे लागत नसे, पायऱ्याच सांगत. माजघराच्या भिंतीत बळदे होती, धान्य वरून ओतायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे. जाड भिंतीत हवा कोरडी राही आणि ज्वारी वर्षभर टिके. ज्या घरात धान्यातला किडा वेचून बाहेर सोडायचा असतो, त्या घरात किडा होऊच नये अशी कोठी बांधणे हा धर्मही होता आणि हिशेबही.

स्वयंपाकघर पश्चिमेला. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात ते आग्नेयेला असते, पण आजोबांनी पश्चिमेला बांधले, कारण घरात चौविहार होता. सूर्यास्ताच्या आत शेवटचा घास व्हायचा, तर शेवटचा उजेड जिथे पडतो तिथेच पानावर बसायला हवे. पश्चिमेच्या भिंतीतल्या झरोक्यातून येणारी किरणांची पट्टी चुलीवरून सरकत उंबऱ्याला लागली की बाई, म्हणजे भाईजींच्या आई, तांब्या पालथा घालीत. घड्याळ पेढीवर होते, पण बाईंनी ते कधी विचारले नाही. आडावरून आलेले पाणी गाळायला चौकात दगडी कट्टा, गाळल्यावर गाळण्यात उरलेले जीव परत आडातच सोडायला वेगळी कडीची बादली.

आणि वर माळवद. तुळयांवर आडव्या किलच्या, त्यांवर निंबाचा पाला आणि काड्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर गावाच्या जुन्या पांढरीतून आणलेली माती, चोपण्याने चोपून बसवलेली. सह्याद्रीपासून दूर, कमी पावसाच्या मुलखात हे छप्पर शोभते. उन्हाळ्यात खाली गारवा, हिवाळ्यात ऊब. उजेडासाठी मध्ये साणे आणि पाण्यासाठी कडेला पन्हळी. मात्र माळवदाला दरवर्षी हात लागतो. एक वर्ष चुकले की पाणी वाट शोधते आणि एकदा सापडलेली वाट ते विसरत नाही.

अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, मधल्या भावाच्या पत्नीचे वर्षीतपाचे पारणे होते. उसाच्या रसाचे पारणे झाले, सोयरेधायरे जेवून गेले आणि चौकात घरचीच माणसे उरली. मधले भाऊ नगरच्या मार्केट यार्डात आडत चालवतात, धाकटे चिंचवडला. भाईजींनी दोघांना खांबापाशी नेले आणि अंगठ्याची खूण दाखवली. धाकट्यांनी टॉर्च लावला. खांबाच्या मागच्या बाजूने, भिंतीच्या कडेने, मातीची एक बारीक नळी जमिनीतून वर गेलेली दिसली.

“वाळवी.”

“दिसते आहे,” भाईजी म्हणाले.

यानंतर जे बोलणे झाले, ते अनेक घरांत झाले असेल. धाकट्यांच्या मुलाला व्यवसायासाठी भांडवल हवे होते, ते त्यांनी लपवले नाही. मधल्यांना वाड्यात रस होता, पण गुडघे वाड्यात राहू देत नव्हते. जुन्या सागाचा एक व्यापारी पूर्वीच येऊन गेला होता. खांब, तुळया, दरवाजा आणि दिंडीची नक्षीची चौकट, सगळ्याचा मिळून त्याने एक आकडा चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी धाकट्यांनी खिशातून काढली. आकडा वाईट नव्हता. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत आणि बंगल्यांत अशा खांबांना मागणी आहे, हे तिघांनाही ठाऊक होते. व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या माणसाला आकडा दिसत नाही असे होत नाही. भाईजींनीही चिठ्ठी दोनदा वाचली.

“विकायचे नसेल तर निदान औषध तरी मारून घ्या, भाईजी,” धाकटे म्हणाले. “जमिनीला भोके पाडून पिचकारीने सोडतात. दोन दिवसांचे काम.”

औषध म्हणजे विष, हे कुणी उच्चारले नाही. पण ज्यांनी त्याच सकाळी तेरा महिन्यांच्या तपाचे पारणे केले होते, त्या वहिनी भिंतीकडे पाहू लागल्या.

श्रावकाला हिंसेचे चार प्रकार लहानपणीच शिकवलेले असतात. जाणूनबुजून करायची ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी आणि बचावासाठी करावी लागणारी विरोधी. पहिली गृहस्थाने सोडायचीच. उरलेल्या तीन कमी कमी करत न्यायच्या. मधल्या भावांचे म्हणणे, वाळवी घर खाते आहे, तेव्हा हा बचाव झाला. भाईजी म्हणाले, “ती माझ्यावर चालून आलेली नाही. तिला लाकूड मिळाले, ती आली. पिचकारी मात्र मी ठरवून मारणार.” धाकटे हसून म्हणाले की मग घर सुखाने तिच्या नावावर करून द्या. हसण्यात कडवटपणा नव्हता, पण प्रश्न खरा होता आणि उत्तर कुणाजवळ नव्हते.

त्याच आठवड्यात विहार करीत आलेल्या दोन साध्वीजी स्थानकात उतरल्या होत्या. भाईजी दर्शनाला गेले आणि बोलता बोलता त्यांनी हा विषय काढला. घर बांधा, पाडा, दुरुस्त करा, असा आदेश साधुसाध्वी देत नाहीत. आरंभाच्या कामात त्यांची अनुमोदनाही नसते. त्यामुळे थोरल्या साध्वीजी खांबाविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. प्रवचनात त्यांनी दशवैकालिकाच्या चौथ्या अध्ययनातील यतना घेतली: चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, सगळे जपून. भाईजी घरी आले ते आपल्याला काही सांगितले गेले की नाही, याच विचारात.

दोन दिवसांनी त्यांची नात पुण्याहून आली. ती वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या जतनाचे शिक्षण घेण्यासाठी वर्षभर इंग्लंडला राहून आली आहे. तिनेही खांब पाहिला, नळी पाहिली. पण तिचा वेळ खांबापेक्षा खाली, फरशीकडे पाहण्यात गेला. ओसरीच्या शहाबादी फरशीवर ती पालथी पडून काहीतरी शोधत राहिली.

“दादाजी, या खांबांना खाली दगड नाहीत?”

“कसे नसतील? तळखडे आहेत की.”

“दिसत नाहीत.”

भाईजी काही बोलले नाहीत. त्यांना उत्तर माहीत होते.

संध्याकाळी चौकात बसून तिने दादाजींना इंग्लंडमधल्या एका घराची गोष्ट सांगितली. ससेक्स परगण्यात आल्फ्रिस्टन नावाचे एक लहान गाव आहे. तिथे चर्चजवळ ‘क्लर्जी हाउस’ नावाचे घर आहे. नाव धर्मगुरूंचे असले तरी ते बांधले चौदाव्या शतकात, एका सधन शेतकऱ्यासाठी. म्हणजे मलिक अहमदाने १४९० मध्ये अहमदनगर वसवले, त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधी. ओक लाकडाचा सांगाडा, त्यातल्या चौकटी काड्या विणून आणि चिखलाने लिंपून भरलेल्या, वर गवताचे उतरते छप्पर. घराच्या मधोमध एक उंच दालन, थेट छपरापर्यंत मोकळे, मध्ये शेकोटी आणि धूर छपरातल्या फटींतून बाहेर. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. मधल्या दालनाला तिथे हॉल म्हणतात, आणि अशा घरांना त्यावरूनच नाव पडले.

“म्हणजे चौकच, पण झाकलेला,” भाईजी म्हणाले.

“तिथे ऊन जपावे लागते, दादाजी. इथे सावली.”

पुढची गोष्ट त्यांना अधिक आवडली. त्या हॉलची जमीन खडूच्या दगडाचा चुरा ठोकून केलेली आहे आणि वरून आंबट दूध ओतून ती घट्ट केली आहे. आपल्याकडे शेण, तिकडे ताक, एवढाच फरक. भाईजींना बाईंचे हात आठवले. सणाच्या आदल्या दिवशी ओसरी सारवताना त्या खांबाच्या दगडापर्यंत येत आणि बोटांनी त्याच्याभोवती एक वाटोळी रेघ काढून थांबत. दगडावर सारवण जाऊ देत नसत. का, ते कुणी विचारले नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रिस्टनचे ते घर मोडकळीस आले आणि पाडायचेही ठरले. तिथे राहणाऱ्या एका वृद्ध भाडेकरणीने आपले शेवटचे दिवस इथेच जाऊ द्या अशी विनवणी केली, म्हणून पाडकाम लांबले असे सांगतात. तेवढ्या अवधीत गावचे धर्मगुरू कामाला लागले. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढलेली होती; तिचे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या घराला पुन्हा तरुण करू नका, त्याला रोज थोडे सांभाळा. तिची मदत मिळाली. १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने हे घर विकत घेतले. ट्रस्टने घेतलेली ती पहिली इमारत. किंमत दहा पौंड.

“दहा?” भाईजींनी पुन्हा विचारले. सागाच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी अजून पेढीच्या कप्प्यात होती.

“किंमत दहा. दुरुस्तीचा खर्च वेगळा, तो कितीतरी मोठा.”

हा व्यवहार भाईजींना पटला. घेणे स्वस्त आणि नांदवणे महाग, हे कुठल्याही वाड्याला लागू होते.

तिने मग तिथला कायदाही सांगितला. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींची यादी होत गेली. आज यादीत पावणेचार लाखांच्या आसपास नोंदी आहेत. पहिली श्रेणी, तारांकित दुसरी आणि साधी दुसरी, असे तीन वर्ग. फार मोठा भाग साध्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे राजवाडे नव्हेत. शेतघरे, गिरण्या, दुकाने, खेड्यातली माणसे राहती घरे. १७०० पूर्वीचे आणि मूळ रूपाशी जवळपास राहिलेले घर असेल तर ते बहुधा यादीत असतेच. मालक तिथेच राहतो, विकतो, मुलांना देतो. मात्र खिडकी बदलायची, भिंत पाडायची, तर आधी परवानगी. विनापरवाना हात लावला तर फौजदारी गुन्हा.

“आणि खर्च सरकारचा?”

“मालकाचा. वर, नवे घर बांधले तर त्यावर कराचा दर शून्य आणि जुने दुरुस्त केले तर वीस टक्के.”

यावर भाईजी मनापासून हसले. जीएसटीच्या तक्रारीत आपण एकटे नाही, हे समाधान व्यापाऱ्याला कुठेही सुखावते. तरी खरी गोष्ट त्यांच्या मनात वेगळीच राहिली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढायला सांगितली. “चौंडीला जाऊ.”

चौंडी त्याच तालुक्यात, सीना नदीच्या काठी. पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी तिथे अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्या वर्षी जन्माला तीनशे वर्षे पुरी होत होती. ६ मे रोजी राज्याचे सगळे मंत्रिमंडळच बैठकीसाठी चौंडीत येऊन गेले होते. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्याला वर्षही झालेले नव्हते. मंडपाचे बांबू अजून निघायचे होते. वाडा जतन केलेला आहे, माणसे चपला बाहेर काढून आत जातात, उंबऱ्याला हात लावतात. भाईजींनी उंबऱ्याला हात लावला, मग शेजारच्या खांबाच्या पायाशी वाकून पाहिले. नात मागे उभी होती.

“एका मुलीचा जन्म झाला म्हणून हा वाडा राहिला,” ते परतीच्या वाटेवर म्हणाले. “आपल्याकडे कोण जन्मले? हिशेबनीस.”

ही तक्रार नव्हती. शासनाचा १९६० चा पुरातत्त्व कायदा स्मारके जाहीर करतो. टिळकांचे रत्नागिरीचे जन्मघर, सावित्रीबाईंचे नायगावचे घर, अशी काही साधी घरे त्यामुळे आणि लोकांच्या आस्थेमुळे उभी आहेत. मुंबईला १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे. पण खेड्यातल्या नांदत्या घराला, ज्यात कुणी थोर जन्मले नाही, तिकडे फारसे कुणी पाहत नाही. आचार्य आनंदऋषीजी १९०० मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या चिंचोडीला जन्मले, तेव्हा त्या गावातल्या घरांकडे पाहून कुणाला काय कळले असते? थोर माणूस जन्मायच्या आधी घर साधेच असते. आल्फ्रिस्टनच्या घरात तर कुणी थोर जन्मल्याची नोंदच नाही. ते ओकच्या सांध्यांसाठी आणि ताकाच्या जमिनीसाठी जपले गेले. नातीने ही गोष्ट नेमकी का सांगितली, ते भाईजींच्या ध्यानात आले होते.

घरी आल्यावर त्यांनी गवंडी बोलावला आणि ईशान्येच्या खांबाभोवतीच्या चार फरश्या काढायला लावल्या.

फरशीखाली सिमेंट होते, सिमेंटखाली मुरूम आणि मुरमाखाली, मूळ जमिनीच्या पातळीवर, तळखडा. वीतभर उंच, घडीव, माथ्यावर कमळाच्या पाकळ्या आणि मधोमध खाच. त्या खाचेत खांबाचे कूस बसवलेले. दगड धडधाकट होता. खांबाचा बाहेर दिसणारा भागही वरून धडधाकट दिसत होता. कुजले होते ते मधले, मुरमात आणि सिमेंटमध्ये गाडले गेलेले हातभर लाकूड.

नातीने समजावून सांगितले, आणि ती सांगत असताना म्हाताऱ्या गवंड्याने तिच्या आधीच मान हलवली. वाळवी जमिनीतून येते आणि तिला ओल लागते. जुन्या कारागिराने लाकडाचे एकही टोक मातीला टेकू दिले नव्हते. खांब दगडावर, तुळई खांबाच्या हातांवर, चौकट जोत्यावर. मधला दगड उघडा ठेवला की वाळवीला वर येण्यासाठी त्याच्या अंगावरून उघड्या उजेडात मातीची नळी बांधावी लागते. सकाळी झाडताना ती केरसुणीला लागते आणि वाट तिथेच तुटते. सागाचा गाभा तिला सहसा रुचत नाही, पण ओल धरलेले आणि कडेचे पांढरे लाकूड तिला चालते. चुन्याची जमीन आणि मातीची भिंत ओल बाहेर सोडतात. सिमेंटखाली ती कोंडते आणि जिथे वाट मिळेल तिथे चढते. इथे तिला वाट खांबाची मिळाली.

बाई दगडाभोवती रेघ काढून का थांबत, हे भाईजींना त्या क्षणी कळले.

ओसरी वीतभर उचलून फरशी कुणी टाकली, हे घरात कुणी विचारले नाही, कारण सर्वांना ठाऊक होते. भाईजींच्या थोरल्या मुलाच्या लग्नात. पाहुणे शहरातले येणार, शेणाच्या जमिनीवर पंगत कशी मांडायची, म्हणून भाईजींनी स्वतः शहाबादी फरशीचा ट्रक उतरवून घेतला होता. बाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी एवढेच विचारले होते, “दगड झाकले जातील का?” भाईजींनी उत्तर दिले होते, “झाकले तर बरेच दिसेल.” ते लग्न थाटात झाले. जुने फोटो पाहिले तर त्यांत फरशी चमकताना दिसते.

त्या दिवशी भाईजी सूर्यास्तापूर्वी जेवले नाहीत आणि नंतर अर्थातच जेवता आले नाही.

पुढे झाले ते एका दमात सांगण्यासारखे आहे. तिघा भावांनी खणांवर वाटणी मांडली. मागच्या परसातली वखार आणि तिचे सहा खण धाकट्यांच्या वाट्याला गेले. ते त्यांनी विकले आणि मुलाला भांडवल मिळाले. त्याबद्दल कुणी रुसले नाही, किंवा रुसले असेल तर बोलून दाखवले नाही. चौक, ओसरी, सोपा, पेढी असे सोळा खण भाईजी आणि मधले भाऊ यांच्याकडे एकत्र राहिले. सागाच्या व्यापाऱ्याला निरोप गेला. पिचकारीवाल्यालाही गेला. ओसरीची सगळी फरशी निघाली, सोळाही तळखडे मोकळे झाले. आणखी तीन खांबांचे पाय कुजलेले सापडले. नातीचा आग्रह होता की खांब बदलायचे नाहीत, कुजले तेवढेच कापायचे. सुताराने तुळयांना खालून टेकू दिले, खांबांचे पाय कापले आणि दुसऱ्या पडक्या घरातून आणलेल्या जुन्या सागाचे नवे पाय एकमेकांत अडकणाऱ्या सांध्यांनी बसवले. खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. जोड दिसते. ती रंगवून लपवायची की नाही, यावर अर्धा दिवस वाद झाला आणि भाईजी म्हणाले, दिसू द्या.

वाळवीचे काय, हा प्रश्न मात्र पूर्ण सुटला असे म्हणता येणार नाही. कुजलेले लाकूड हलवताना, उकरताना जीव मेले असणारच. भाईजींनी ते तुकडे जाळू दिले नाहीत. पाट्यांत भरून गावाबाहेरच्या ओढ्याकाठी झाडाखाली नेऊन ठेवले. गड्यांना त्यात काय वाटले असेल ते वाटो. उघडी जमीन वैशाखाच्या उन्हाला वाळत ठेवायची आणि ओल गेली की ती आपण होऊन खाली उतरेल, एवढ्या भरवशावर काम चालले. हा भरवसा कीटकशास्त्राच्या दृष्टीने वाईट नाही. ओल आणि वाट दोन्ही तोडल्यावर वाळवीला वर राहता येत नाही. तरी भाईजींनी त्या पंधरवड्यात आयंबिल केले, आणि कशासाठी ते सांगितले नाही.

जमीन वाळायला महिना हवा होता. तो मिळाला नाही. त्या वर्षी मोसमी पाऊस मृगाची वाट न पाहता २५ मे रोजीच महाराष्ट्रात आला आणि त्याच्या आगेमागे जामखेडच्या बाजूलाही आभाळ फुटले. माळवदावर पांढरी मातीचा निम्माच थर पडला होता. पुतण्या आणि दोन गडी ताडपत्री घेऊन वर धावले. नात पुण्याला परतली होती. चौकात पाणी उतरले, पन्हळी धो धो वाहू लागल्या, उंबऱ्याजवळच्या मोरीने ते आवाज करीत गिळले. वर्षानुवर्षे फरशीच्या उताराने ओसरीकडे येणारे पाणी आता जुन्या पातळीने चौकातच फिरून बाहेर जात होते.

भाईजी ओसरीवर, मातीच्या उघड्या जमिनीवर चटई टाकून बसले होते. पावसाचे तुषार तळखड्यावर येत, कमळाच्या पाकळ्यांवरून घरंगळून खाली उतरत. त्यांनी हात लांब करून दगड चाचपला, तो ओला होता. मग हात वर नेऊन नव्या जोडीच्या खालचे लाकूड चाचपले.

फोन वाजला. नगरहून मधले भाऊ विचारत होते, “भाईजी, गळते का?”

“साण्यापाशी थोडे,” भाईजी म्हणाले. “घंगाळ ठेवले आहे खाली.”

“आणि खांब?”

“कोरडा आहे.” थोडे थांबून ते म्हणाले, “उद्या उघडीप मिळाली तर अजून दोन गाड्या पांढरी लागेल. तुझ्याकडचा टेम्पो पाठव.”

त्यांनी फोन ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि रोजमेळात खर्चाच्या बाजूला टेम्पोचे भाडे मांडून ठेवले.